त्या बकरीचं पुढं काय झालं

धामणगाव बढ्यात वरात उशिरा आली तर चालतं, आचारी रुसून बसला तरी चालतं. पण उत्तमराव चोपडे माइक धरून मांडवात उभे राहिल्याशिवाय लग्न लागत नाही. "मंडपातल्या तमाम मंडळींना नम्र विनंती..." हा आवाज कानावर आला की बाया पदर सावरतात, माणसं खुर्च्या धरतात आणि मागं आचारी चुलीत आणखी एक लाकूड सारतो. आवाजच तसा, रिकाम्या रांजणात तोंड घालून बोलल्यासारखा. लग्न, साखरपुडा, मास्तरांचा निरोप समारंभ, बैलांच्या शंकरपटाचं बक्षीस, एवढंच काय दहाव्याची श्रद्धांजलीसुद्धा. मोताळा तालुक्यात पस्तीस वर्षं हा गडी बोलत आलाय.

आता बोलणाऱ्याचा सत्कार करायची आपल्याकडं रीत आहे. आधी टोपी-टॉवेल मिळायचं. मग शाल-श्रीफळ आलं. मग कुठल्याशा साहेबाच्या डोक्यातून निघालं की हारतुरे नको, पुस्तक द्या. आणि जिथं जावं तिथं नारळासोबत एक पुस्तक हातात पडायला लागलं. नारळाची चटणी झाली. शाली पाहुण्यारावळ्यांच्या अंगावर गेल्या. पुस्तक मात्र ना खाता येई ना पांघरता येई. ते जाऊन पडे माजघरातल्या पत्र्याच्या कोठीत. कोठी गव्हाची, पण आताशा गहू मळ्यातूनच व्यापाऱ्याकडं जातो, तेव्हा ती रिकामीच होती. उत्तमरावांच्या मंडळी मनकर्णाबाई, त्यांनी गव्हात घालतात तसा पुस्तकांतही कडुलिंबाचा पाला घातला. पुस्तकांना कसर लागली नाही. वाचणाराही लागला नाही.

तसे उत्तमराव वाचणारच होते. वाचणार नाही असं ते कधीही म्हणाले नाहीत. "एवढी लगीनसराई होऊ दे." मग, "सोयाबीन निघू दे." मग, "अश्विनीचे हात पिवळे होऊ दे, मंग दुसरं कामच काय हाये?" अश्विनी लग्न होऊन नाशिकला गेली, तिला दोन लेकरं झाली, तिला चष्मा लागला, बापाचं वाचन अजून मुहूर्तावरच. तोवर मागच्या पानावरचा मजकूर वाचून उत्तमराव अख्ख्या पुस्तकावर वीस मिनिटं बोलत. "एक शीत चाचपलं की भात समजते," असं त्यांचं म्हणणं.

कोठी भरली तसा मनकर्णाबाईंनी तिचा उपयोग शोधला. ब्लाउज पीस कसं या घरून त्या घरी फिरतं, तसं त्यांनी पुस्तक फिरवायला सुरुवात केली. कुणाचं वास्तुपूजन, कुणाचं डोहाळजेवण. कोठीतलं एक काढायचं, चमकी कागदात गुंडाळायचं, की झाला आहेर. पण एकदा घात झाला. नांदुऱ्याला एका मास्तरांच्या निरोप समारंभात मास्तरांनी स्टेजवरच कागद फाडला, पहिलं पान उघडलं आणि खड्या आवाजात वाचलं, "आमचे परममित्र उत्तमराव चोपडे यांना सप्रेम भेट." माइक तेव्हा उत्तमरावांच्याच हातात होता. तीनशे माणूस हसलं. रांजणातून आवाज निघेना.

त्या दिवसापासून मनकर्णाबाई घरात पुस्तक आलं की आठ-पंधरा दिवसांत त्याचं पहिलं पान ब्लेडनं अलगद काढतात, बांधणीला जराही धक्का न लावता, आणि चमकी कागदात बांधून कोठीत ठेवतात. कोणतं पुस्तक कुणी दिलं, याचा पुरावा म्हणून काही उरत नाही. एकोणऐंशी पाकिटं, सगळी सारखी झगमग. यातूनच पुढचं रामायण झालं.

गफ्फार मन्सुरी हा उत्तमरावांचा शाळेपासूनचा दोस्त. बसस्टँडच्या मागं त्याचं गाद्यांचं दुकान आहे. एका बाजूला कापूस पिंजायचं यंत्र, एका बाजूला गाद्या शिवायचा ओटा, आणि मधे दोन माणसांना बसायला नेहमी एक न विकलेली गादी. त्या गादीवर उत्तमरावांची रोजची चहाची बैठक. या फेब्रुवारीत गफ्फारच्या दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढले, आधी एक, मग दुसरा. डॉक्टरनं बजावलं, महिनाभर कापसाजवळ जायचं नाही, धूळ नको, डोळ्याला ताण नको. यंत्र बंद पडलं. गफ्फार काळा चष्मा लावून दुकानापुढच्या लिंबाखाली तीच गादी टाकून बसून राहू लागला, आणि चार दिवसांत इतका कंटाळला की रस्त्यानं जाणाऱ्या म्हशीसुद्धा मोजून झाल्या.

पाचव्या दिवशी तो म्हणाला, "उत्तम, आता एक काम कर. ते गोठ सांगून टाक."

"कोनती?"

"कोनती म्हनजे? म्या तुले देल्लं होतं ते पुस्तक. बुढीच्या बकरीचं."

उत्तमरावांनी उरलेला चहा एका घोटात संपवला.

गोष्ट अठरा वर्षांमागची. उत्तमरावांनी माइकवर पाचशेवं लग्न लावलं म्हणून गावानं मारुतीच्या पारावर त्यांचा सत्कार ठेवला. गफ्फार गादीचं कापड घेऊन नांदुऱ्याहून एसटीनं थेट पारावर उतरला. बघतो तर जो तो काही ना काही देतोय आणि आपले हात रिकामे. त्याच्या पिशवीत स्टेशनाजवळच्या हातगाडीवरून घेतलेली एक कादंबरी होती, एसटीत अर्धी वाचून झालेली. तीच त्यानं देऊन टाकली. पुढं महिन्या-दोन महिन्यांनी तो विचारायचा, "वाचलं काय बे?" आणि उत्तमराव म्हणायचे, "वाचलं ना! एक नंबर पुस्तक!" पुढचं विचारलं की हात वर करायचे. "नाई नाई. मी सांगतलं तं मजा जाते. तूच वाचजो कधी." हे वाक्य अठरा वर्षं बिनातक्रार चाललं होतं, एखाद्या जुन्या सायकलीसारखं.

"आता मले वाचता येत नाई," गफ्फार म्हणाला, "आता मजा जाऊ दे. बकरी बाजारातून हरपते, बुढी गावोगाव हिंडते, अन् एका गावात लग्नघराच्या भितीमागून तिले बकरीचा आवाज येते. तितून मागं चुलवणावर भलं मोठं गंज चढेल हाये. माही एसटी इथंच धामनगावले लागली भाऊ! मंग? कापली का वाचली?"

"ते असं हाये," उत्तमराव उठले, "गोठ मोठी हाये. उद्या निवांत सांगतो."

"अठरा वर्सं लग्नात ताटात मटनाची बोटी पडली की मले ते बुढी दिसते," गफ्फार मागून म्हणाला. "उद्या नक्की येजो."

उत्तमराव घरी आले ते थेट कोठीपाशी. मनकर्णाबाई बचत गटाच्या बैठकीला गेलेल्या. पुस्तकाचं नाव ठाऊक नाही, रंग ठाऊक नाही. आणि गफ्फारला विचारावं तर वाचलेल्या माणसानं नाव कसं विचारायचं? त्यांनी झाकण काढलं, हात खांद्यापर्यंत घातला आणि पाकिटं ओढायला लागले. फाडलं एक, चाळलं, बकरी नाही. फाडलं दुसरं. मनकर्णाबाई दारात उभ्या राहिल्या तेव्हा माजघरात चमकी कागदांचा ढीग, लिंबाचा वाळला पाला, आणि त्यात मांडी घालून बसलेले कारभारी.

"अवो, कायची लूट चालू हाये ही?"

"वाचून राह्यलो."

"बारा पाकिटं फोडले तुमी! जयमालाच्या सासूची एकसष्टी हाये येत्या आठवड्यात, पुष्पाबाईच्या नातवाचं बारसं हाये. मी काय उघडं पुस्तक नेऊ?"

"पुस्तक वाचासाठीच असते," उत्तमराव भाषणातल्यासारखं बोलले.

मनकर्णाबाईंनी त्यांच्याकडं एकदा पाहिलं, ढिगाकडं एकदा पाहिलं. "ठीक हाये. एक काढा, एक वाचा, अन् मंग सोतः बांधून ठेवा. कागदाचे कोपरे बराबर आले पाह्यजे. तवा दुसरं."

नवऱ्यानं तडजोड केली, पण मनातून ती पाळायची नाही असं ठरवून. बकरी शब्द हुडकायचा, बाकीचं सोडायचं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्या बारांतली अकरा पुस्तकं चाळून झाली. एका तलाठ्याच्या कवितांमध्ये एक बकरी होती, पण ती ढगाला उपमा म्हणून. यशस्वी कसं व्हावं यावरच्या पुस्तकात बकरीसारखं जगू नका, असा सल्ला होता. आणि बाराव्या पाकिटात मात्र घबाड लागलं. पानोपानी शेळ्या! फोटोसकट! एकशे चाळीस पानं!

ते शेळीपालनाचं मार्गदर्शक होतं. पंचायत समितीच्या कुठल्याशा मेळाव्यात मिळालेलं. दुसरा कुणी असता तर त्यानं बाजूला ठेवलं असतं. पण उत्तमरावांना चार वाजता लिंबाखाली जायचं होतं, आणि पस्तीस वर्षं त्यांनी याहून कमी माहितीवर माणसांची लग्नं लावली होती.

"तं मंग बुढी भितीवरून वाकून पाहते," त्यांनी सुरुवात केली. गफ्फार चष्म्याआडून डोळे मिटून बसला. त्याची बायको अजीजुन्निसा तांदूळ निवडत दारात येऊन बसली. "पाहते तं काय! बकरी बांधेल. पाठीवरून हात फिरवते, दात पाहते."

"दात कायले?"

"वय समजते ना. दोन दाती हाये का चार दाती."

"सोताच्या बकरीचं वय तिले मालूम नाई?"

"घाबरलेल्या मानसाले काई सुचत नाई बे. मंग तिनं काय केलं, बकरीले पहिले जंताचं औषध पाजलं. उपाशीपोटी. वजनाच्या मानानं."

गफ्फारनं एक डोळा उघडला. "लग्नघरात?"

"हाव. अन् मंग गोठा कोरडा पाह्यजे म्हनून चुन्याची फक्की मारली. पूर्व-पश्चिम."

अजीजुन्निसा तांदळातून वर बघून म्हणाली, "ये बुड्ढी डाक्टर कब हुई?"

कुणी हसलं नाही. गफ्फारनं काळा चष्मा काढला, अंगरख्यानं पुसला, परत लावला. "उत्तम," तो हळू म्हणाला, "तुही तब्येत बरी नाई वाटते. नीट आठवून ये. मले घाई नाई. अठरा वर्सं थांबलो."

हे शेवटचं बोलणं उत्तमरावांना लागलं. रागावला असता तर बरं झालं असतं. हा तर थांबायला तयार होता. घरी जाताना त्यांना रस्त्यात दोघांनी लग्नाच्या तारखा विचारल्या. उत्तमरावांनी तारखा न पाहताच हाव म्हटलं.

मग त्यांनी खरोखरच वाचायला घेतलं. चाळायचं बंद. कोण जाणे, बुढी बकरीला बकरी म्हणत नसेल, नावानं हाक मारत असेल. सकाळी अंघोळ झाली की ओट्यावर चटई. पहिल्या दिवशी चौथ्या पानावर झोप लागली. दुसऱ्या दिवशी नवव्या पानावर. तिसऱ्या दिवशी एका विहीर खोदणाऱ्या वडाराची गोष्ट लागली. चाळीस फुटावर खडक लागतो आणि मालक म्हणतो बस कर. तर तो पठ्ठ्या उतरून जातो आणि वरून कुणी ओढून काढू नये म्हणून दोर स्वतःच कापतो. उत्तमराव तिथंच अडकले. मनकर्णाबाईंनी दोनदा जेवायला हाक मारली. भाकर निवाली. तिसऱ्यांदा त्या समोर येऊन उभ्या राहिल्या, तर हा माणूस वर न पाहता म्हणाला, "थांब व जरा, त्याले पानी लागते का नाई पाहू दे."

मनकर्णाबाईंनी ताटावर ताट झाकून ठेवलं.

वडाराला पाणी लागलं. संध्याकाळी उत्तमराव चमकी कागद बांधायला बसले. कोपरे काही केल्या जुळेनात. ज्या कोपऱ्याला चिकटपट्टी लावावी तो सोडून दुसरा उसवायचा. एवढ्या लग्नगाठी बांधल्या, एक पाकीट बांधता येईना. आणि गंमत अशी की बांधावंसंही वाटेना. हे पुस्तक कुण्या बारशात जाऊन पुन्हा कुणाच्या कोठीत पडणार, हे मनाला पटेना. त्यांनी ते गुपचूप उशाखाली सरकवलं.

आठ दिवसांत पाच पुस्तकं झाली, नीट, पहिल्या ओळीपासून. बकरी नाही. बाकीची साठाच्या वर पाकिटं अजून झगमग होती, आणि त्या वेगानं जायचं तर गफ्फारच्या नातवंडांचे मोतीबिंदू निघाले असते. लिंबाखाली जायचं उत्तमरावांनी टाळलं. घसा बसलाय असा निरोप पाठवला. ते ऐकून गफ्फारनं आल्याचा तुकडा आणि ज्येष्ठमध पाठवलं. ती पुडी हातात घेऊन उत्तमराव ओट्यावर इतका वेळ बसले की मनकर्णाबाईच म्हणाल्या, "आता बोला. काय हुडकून राह्यले तुमी? वाचाचं सोंग आठ दिस पुरलं."

"सोंग नाई व. पाच वाचले खरोखर."

"ते पाह्यलं म्या. पन हुडकून काय राह्यले?"

उत्तमरावांनी सांगितलं. पारावरचा सत्कार, अर्धी कादंबरी, अठरा वर्षांचं एक नंबर, जंताचं औषध, सगळं. ऐकता ऐकता मनकर्णाबाईंनी पदर तोंडाला लावला. जंताच्या औषधाला तर त्या भिंतीला टेकल्या.

"ते बुढीचं?" शेवटी त्या म्हणाल्या. "ते लग्नघराच्या भितीपाशी उभी राहते ते? ते तं कोठीत नाईच. ते म्या रेणुकाच्या वास्तूले देऊन टाकलं, साखरखेर्ड्याले. नऊ वर्सं झाले."

"अन् तुले कसं मालूम बुढी भितीपाशी उभी राहते?"

"वाचलं ना."

"तू वाचलं?"

"समदे वाचले." कोठीत पायली-दोन पायली गहू आहेत असं सांगावं तसं त्यांनी सांगितलं. "कागद बांधाच्या आधी मी आतून बाहेरून पाहतो. रेणुकाच्या लग्नात न पाहता बांधलं अन् नवरीच्या हातात घटस्फोटाच्या कायद्याचं पुस्तक गेलं, ते इसरले का? वकिलसाहेबानं तुमाले देल्लं होतं ते. तवापासून वाचल्याबिगर एक पाकीट बांधलं नाई. दुपारी तुमी तिकडं गादीवर बोलत बसता, मी इकडं वाचत बसतो."

पस्तीस वर्षं माइकवर बोलणाऱ्या माणसाला आपल्याच माजघरात कोण वाचत होतं, हे कधी विचारायचं सुचलं नव्हतं. त्यांनी लगेच साखरखेर्ड्याला फोन लावला. रेणुका म्हणजे मनकर्णाबाईंची भाची. ती पलीकडून हसत म्हणाली, "बकरीचं तर मी कधीच पुढं दिलं, मामा. चिखलीला एका डोहाळजेवणात. पण ते घटस्फोटाचं आहे बघा घरात. अजून कामी नाही आलं, पण सांभाळून ठेवलंय."

फोन ठेवून उत्तमराव बायकोच्या पुढ्यात बसले. "तं मंग तूच सांग. बकरीचं काय झालं? मी जाऊन त्याले सांगतो. बात खतम."

"मी नाई सांगत."

"अवो!"

"मी सांगीन तं गफ्फारभाईले. तुमाले सांगतलं की तुमी वाचल्यासारखं जाऊन बोलसान, अन् वरतून वीस मिनटं जास्तीचे लावसान. पहिले तुमी जाऊन खरं बोला. मंग मी येतो."

"तो काय म्हनीन?"

"ते मले काय मालूम? ते काई पुस्तकात नाई."

दुसऱ्या दिवशी चार वाजता उत्तमराव लिंबाखाली गेले. गफ्फार होता तिथंच होता, काळा चष्मा, मांडीवर हात. बंद यंत्रावर कापडाचं आवरण. "घसा बरा हाये का?" त्यानं विचारलं.

"घशाले काई झालं नोतं." इथून पुढं रांजणातला आवाज आटला, चिपट्याच्या मापाएवढा उरला. "गफ्फार, म्या ते पुस्तक वाचलं नाई. एक पानबी नाई. माह्या घरून ते दुसरीकडं आहेरात गेलं."

दारात अजीजुन्निसाचा सुपातला हात थांबला. गफ्फारनं गादीच्या शिवणीतून बाहेर आलेलं कापसाचं बोंड बोटानं परत आत ढकललं.

"मी एक गादी शिवून झाल्याबिगर दुसरीचा कापूस पिंजत नाई," तो म्हणाला. "माह्या बापाचा नेम हाये. दोन गाद्या अर्ध्या राह्यल्या की दोन्ही बिघडते. मालूम हाये ना तुले?"

"मालूम हाये."

"म्या त्याच्यानंतर दुसरं पुस्तक घेतलं नाई बे. नांदुऱ्याले गेलो की हातगाडीपाशी उभा राहो. हातात घेऊन पाहो. म्हटलं नाई, पहिले ते बकरीचं पुरं होऊ दे. उत्तमनं वाचलं, तो सांगीन कधीतरी."

उत्तमरावांना वाटलं होतं शिवी येईल. शिवीची तयारी करून आले होते. याची तयारी नव्हती. ते गादीवरून उठून खाली मातीत बसले, का ते त्यांनाही सांगता आलं नसतं. "मार बे मले दोन," ते म्हणाले.

"डॉक्टरनं वाकाले मना केलं हाये. नाईतं मारले असते."

रस्त्यानं एक ट्रॅक्टर गेला. धूळ आली तसा गफ्फारनं चष्म्यावर हात धरला, आणि उत्तमरावांनी उठून आपला टॉवेल त्याच्या तोंडापुढं आडवा धरला, धूळ बसेपर्यंत. मग दारातून अजीजुन्निसाच म्हणाली, "वो सब जाने दो. बकरी का क्या हुआ? अठरा साल मैं भी सुन रही हूँ. कोई तो बोलो!"

मनकर्णाबाई रस्त्यापलीकडं मेडिकलच्या सावलीत कधीपासून उभ्या होत्या. त्या आल्या. गफ्फारनं सरकून गादीवर जागा केली. "वहिनी, तुमी?"

"मी वाचलं हाये, भाऊ. पुरं."

"कापली का वाचली, तेवढं पहिले सांगा."

"तसं नाई सांगाचं. ऐका." आणि त्यांनी सांगायला घेतलं, डाळ निवडताना बोलावं तशा आवाजात, हात नाही वर, शब्द नाही जास्त. "बुढी भितीपाशी उभी. आवाज आपल्याच बकरीचा, पन आत जावं कसं? आमंत्रण नाई, अंगावर धड लुगडं नाई. तेवढ्यात एकजन तिले नवरदेवाकडची समजून आत घेऊन जाते अन् पंगतीत बसवते. समोर ताट येते. ताटात बोटी. बुढीच्या हाताले घास उचलत नाई."

"या अल्ला," अजीजुन्निसा म्हणाली.

"तितक्यात माजघरात बोंब उठते. मुहूर्त जवळ आला अन् नवरदेवाचं बाशिंग सापडत नाई. समदं लग्नघर बाशिंग पाहून राह्यलं. पाहतेत तं मागच्या खोलीत खुट्याचं दावं तोडून बकरी आत आलेली, अन् बाशिंगाचं शेवटचं फूल तिच्या तोंडात."

हसू दाबायला गफ्फारनं तोंडावर हात धरला.

"असं होत नाई!" उत्तमराव खालून म्हणाले. त्यांना राहवलंच नाही. "पाचशेच्या वर लग्नं लावले म्या. बाशिंग असं कोनी खाली ठेवत नाई, ते करवलीपाशी असते—"

"चुप बे!" गफ्फार आणि अजीजुन्निसा एकदमच म्हणाले.

"नवरदेवाचा बाप पेटला," मनकर्णाबाई पुढं गेल्या. "म्हने, ही अवदसा कोनाची? कोनी इकत आनली? जो तो दुसऱ्यावर ढकलते. याची, त्याची, आचाऱ्याची. बाजारातून आननारा तं पळूनच गेला. तवा पंगतीतून बुढी उठली अन् म्हनली, माही."

"मंग?"

"मंग काय! त्यायनंच दावं तिच्या हातात देल्लं. वरतून शिव्या देल्ल्या, घेऊन जा तुही बला म्हनून. बुढी शिव्या खात खात बकरी घेऊन वेशीबाहेर आली. अन् ताटातलं काय होतं?" त्या थांबल्या. "कोंबडं होतं."

गफ्फार हसायला लागला. आधी खांदे हलले, मग पोट, मग तो गादीवर आडवाच झाला. "अजी हँसो मत, डाक्टर ने मना किया है," म्हणत अजीजुन्निसा स्वतःच पदरात हसत होती. गफ्फारच्या काळ्या चष्म्याखालून पाणी गालावर आलं. औषधाचं की हसण्याचं, ते त्यालाच माहीत.

"कोंबडं!" तो उठून बसला. "अठरा वर्सं मी बोटी अवघडून खाल्ली वहिनी, अन् ते कोंबडं होतं!" मग उत्तमरावांकडं बोट करून, "ह्याच्यामुळं!"

"हाव," उत्तमराव म्हणाले.

"आता दुसरं पाह्यजे. माही गादी शिवून झाली."

"कोठीत लय हायेत. मनकर्णा सांगते ना रोज एक—"

"मी नाई," मनकर्णाबाई म्हणाल्या. "मले सैंपाक हाये, अन् माहे वाचून झाले. तुमी वाचा अन् तुमी सांगा. उशाखाली लपवेल वडाराचं हायेच की एक."

उत्तमरावांनी चमकून बायकोकडं पाहिलं. तिला तेही माहीत होतं.

वडाराची विहीर दोन दिवसांत सांगून झाली. सांगताना उत्तमरावांनी फक्त एकदाच भाषण घुसडलं, तेही गफ्फारनं पकडलं. शेळीपालनाचं पुस्तक अजीजुन्निसानं मागून घेतलं. तिच्या परसात दोन बकऱ्या आहेत, आणि जंताच्या औषधाची ती गोष्ट तिला सगळ्यात कामाची वाटली होती. मनकर्णाबाईंनी ते तिला उघडंच दिलं, चमकी कागदाशिवाय. पहिलं पान नव्हतंच, तेव्हा तिनं आतल्या कोऱ्या जागेवर उर्दूत आपलं नाव घातलं. जयमालाच्या सासूच्या एकसष्टीला या वेळी साडी गेली.

आता सकाळी दहाला चोपड्यांच्या ओट्यावर चटई पडलेली असते. परवा गफ्फार स्वतः चालत आला, चष्मा लावून, हातात काठी नसतानाही असल्यासारखा चाचपत. ओट्याच्या पायरीशी उभा राहिला. उत्तमरावांच्या हातात एक जाडजूड पुस्तक, बोट मधे घातलेलं, मागचं पान खाली.

"वाचलं काय बे?" त्यानं विचारलं.

उत्तमरावांच्या तोंडात एक नंबर आलंच होतं. त्यांनी ते गिळलं, बोट घातलेलं पान उघडलं आणि वाकून आकडा पाहिला.

"सव्वीस पानं."